७५० उतरवून ३५१: फोर्ड ३०२ साठी कार्बोरेटर निवडताना

गाडी आणि तक्रार

गाडी १९६९ ची, चार दारांची फोर्ड. इंजिन ३०२ घनइंचांचं, म्हणजे ४.९ लिटरचं व्ही-८. गिअरबॉक्स सी-४ ऑटोमॅटिक. कॅम, हेड, दोन बॅरलचा (हवा आत घेणारी दोन भोकं असलेला) इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरांपर्यंतची वाट, आणि एकेरी सायलेन्सर, सगळं कारखान्यातून आलं तसंच. दोन बॅरलच्या या इंजिनाची ताकद कारखान्याने मिनिटाला ४,६०० फेऱ्यांवर २२० हॉर्सपॉवर सांगितली होती. हा ४,६०० चा आकडा पुढे हिशोबात कामाला आला.

मूळ कार्बोरेटर ऑटोलाइट २१०० होता. हाच पुढे मोटरक्राफ्ट नावाने येऊ लागला. पन्नास वर्षांनी त्याचं आयडलिंग डगमगायला लागलं, आणि उभ्या गाडीतून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एक क्षण अडखळायचं. कार्बोरेटर संपला असं मालकाने ठरवलं आणि जुन्या बाजारातून चार बॅरलचा, ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा जाऊ देणारा), मागची दोन बॅरल थेट दांडीने उघडणारा कार्बोरेटर आणला. दोन बॅरलच्या मॅनिफोल्डवर अडॅप्टर प्लेट टाकून तो बसवला. मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त पिकअप, हा त्यामागचा सरळ हिशोब.

झालं उलटंच. पाय दाबला की इंजिन सेकंदभर गप्प, मग कार्बोरेटरमधून फट्ट आवाज, मग एकदम धक्का. प्लग काजळीने काळे, गाडीत पेट्रोलचा वास, लिटरला जेमतेम साडेचार किलोमीटर. त्यात गिअरबॉक्सही बिघडल्यासारखा वागू लागला: ‘डी’ मध्ये टाकला की दणका, आणि गिअर उशिरा बदलणं. गाडी दुरुस्तीला आली तेव्हा मालकाची मागणी ‘आणखी चांगला चार बॅरलचा सुचवा’ अशी होती. गाडीचा वापर मात्र आठवड्यातून दोनदा शहरात आणि अधूनमधून लांबचा प्रवास. शर्यत नाही, ओढकाम नाही.

आधी तपासणी, मग खरेदी

कार्बोरेटर बदलण्याआधी बाकीचं इंजिन निर्दोष आहे हे मोजून घ्यावं लागतं. नाहीतर नवा कार्बोरेटर जुन्या दोषावर बसतो आणि शिव्या त्यालाच पडतात.

कॉम्प्रेशन आठही सिलिंडरांत १३० ते १४५ पीएसआय निघालं. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या वर असला की चालतं. इथे तर फरक फारच थोडा होता. पेट्रोल पंपाचा दाब कार्बोरेटरच्या तोंडाशी ५.५ पीएसआय, आणि अर्धा लिटर पेट्रोल २० सेकंदांत. म्हणजे पंप ठीक. नुसता दाब पाहून थांबू नये. अर्धवट तुंबलेल्या नळीत दाब बरोबर दिसतो, पण पुरवठा कमी पडतो.

इग्निशनकडे वळल्यावर पहिली गोष्ट सापडली. पॉइंटचा ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, २७ अंश हवा, तिथे ३३ होता, म्हणजे फट फारच कमी. तो दुरुस्त करून टायमिंग व्हॅक्यूमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून ६ अंशांवर आणलं. मग डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सला (हलक्या भारावर स्पार्क लवकर पाडणारा भाग) हातपंप लावून १५ इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम दिला. काटा टिकेना. डायफ्राम फाटलेला होता. फाटक्या डायफ्राममुळे हलक्या भारावर स्पार्क उशिरा पडतो, आणि त्याच छिद्रातून मॅनिफोल्डमध्ये चोरटी हवाही शिरते. मालकाला कार्बोरेटर संपल्यासारखं वाटलं त्यात या डायफ्रामचा वाटा किती, हा प्रश्न इथे उभा राहिला.

गिअरबॉक्सचं कोडंही इथेच सुटलं. सी-४ मध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम बघून तो इंजिनावर भार किती आहे हे ओळखतो आणि त्याप्रमाणे दाब व गिअर बदलण्याची वेळ ठरवतो. अडॅप्टर बसवताना नळ्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या आणि मॉड्युलेटरची नळी कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या, म्हणजे हवा उघड-बंद करणाऱ्या चकत्यांच्या, वरच्या तोंडाला लागली होती. त्या तोंडाला आयडलिंगवर व्हॅक्यूम जवळजवळ शून्य. बिचाऱ्या मॉड्युलेटरला वाटायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय! नळी मॅनिफोल्डच्या फिटिंगवर परत लावली आणि दणका थांबला. गिअरबॉक्स उघडायची वेळ आली नाही.

पहिला निर्णयाचा क्षण हा होता: पुढचा कार्बोरेटर लगेच शोधायचा, की आधी मूळ २१०० जसा आहे तसा परत चढवून बघायचा? दुसरा मार्ग घेतला. सुदैवाने मालकाने जुना कार्बोरेटर, त्याखालचा ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि ब्रीदरची नळी खोक्यात जपून ठेवली होती. नवा व्हॅक्यूम डायफ्राम घालून, फक्त नवी गॅस्केट टाकून २१०० बसवला. जवळपास निम्मं अडखळणं गेलं. व्हॅक्यूम गेजवर ७५० असताना ११ ते १२ इंच आणि थरथरता काटा होता; आता १५ इंच आणि काटा मंद हलता. समुद्रसपाटीच्या आसपास अशा इंजिनाला आयडलिंगवर १७ ते २१ इंच मिळायला हवेत. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच वजा करायचा.

उरलेल्या दोन-तीन इंचांचा चोर शोधायला न पेटवलेल्या प्रोपेन गॅसची बारीक नळी चालू इंजिनभोवती फिरवली. मॅनिफोल्डच्या कडा, स्पेसरच्या कडा, काही नाही. थ्रॉटल शाफ्टच्या टोकाशी नळी नेली की फेऱ्या ऐंशीएक वाढायच्या. शाफ्ट बोटाने वर-खाली हलवला तर डायल गेजवर ०.४ मिलिमीटर खेळ. शाफ्ट पोलादाचा, बॉडी नरम मिश्रधातूची. वर्षानुवर्षं थ्रॉटलची स्प्रिंग एकाच बाजूला ओढत राहिल्याने भोक लांबट झालं होतं. रिपेअर किटमधल्या गॅस्केट, नीडल आणि डायफ्रामने हा दोष जात नाही. किट टाकूनही आयडलिंग बसत नाही अशा कितीतरी कार्बोरेटरांचं दुखणं इथे असतं. (ही तपासणी थंड किंवा कोमट इंजिनावर, मोकळ्या हवेत आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावी. गरम एक्झॉस्टवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची सवय महागात पडते.)

थोडक्यात, कार्बोरेटर खरंच दोषी होता, पण अर्ध्या गुन्ह्याचा.

इंजिनाला हवा किती लागते

निवडीचा पाया इथे आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनासाठी घनइंचांतलं आकारमान गुणिले फेऱ्या, भागिले ३,४५६. आलेल्या आकड्याला भरण-क्षमतेने, म्हणजे सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो त्या प्रमाणाने, गुणायचं. न बदललेल्या जुन्या व्ही-८ ला ती ०.८० धरणं उदारच आहे.

३०२ × ४,६०० ÷ ३,४५६ = ४०२. त्याचे ८० टक्के ३२२. म्हणजे ताकद कळसाला असतानाही हे इंजिन मिनिटाला ३२२ घनफूट हवा घेतं.

आता दुकानाच्या आकड्यांमधला सापळा. दोन बॅरलच्या कार्बोरेटरचा सीएफएम ३ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात आणि चार बॅरलचा १.५ इंचांवर. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून दोन्ही एका पातळीवर आणायला १.४१ ने गुणावं किंवा भागावं लागतं. ५०० चा दोन बॅरल चार बॅरलच्या मापाने सुमारे ३५४ चा होतो. आणि ७५० चा चार बॅरल दोन बॅरलच्या मापाने १,०६० चा! मालकाने २८७ च्या जागी ७५० लावला असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात त्याने २८७ च्या जागी १,०६० लावला होता.

मूळ २८७ कुठून आला? २१०० च्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) बाहेर, बॉडीवरच, एका वर्तुळात व्हेंचुरीचा, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्याचा, व्यास इंचांत ओतलेला असतो. या गाडीच्या कार्बोरेटरवर १.०८ होता, आणि १.०८ म्हणजे २८७ सीएफएम. याच घराण्यात १.२१ चा ३५१ सीएफएम देतो. काजळी पुसून तो आकडा वाचायला अर्धं मिनिट लागतं.

मग एक छोटा हिशोब केला, आणि त्याने वाद संपवला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना वेगवेगळ्या कार्बोरेटरांत किती दाबफरक पडेल? ४,६०० फेऱ्यांवर १.०८ मध्ये ३.८ इंच, म्हणजे थोडं घुसमटणं. १.२१ मध्ये २.५. पाचशेच्या दोन बॅरलमध्ये १.२. सहाशेच्या चार बॅरलमध्ये ०.४, आणि ७५० मध्ये जेमतेम ०.३. वरच्या टोकाला मोठा कार्बोरेटर जिंकतो, हे खरंच. पण ही गाडी ४,६०० वर किती वेळ असते?

१,५०० फेऱ्यांवर, चौकातून निघताना पाय पूर्ण दाबला असं धरू. भरण-क्षमता इथे ०.७५ धरली तर इंजिन तेव्हा मिनिटाला फक्त ९८ घनफूट हवा घेतं. १.२१ मध्ये दाबफरक ०.२३ इंच. ७५० मध्ये, चारही बॅरल उघडी असताना, ०.०२६ इंच. नऊपट कमी. जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून) पेट्रोल वर ओढणारी शक्ती हीच. ती नसेल तर हवा आत जाते आणि पेट्रोल खालीच राहतं. इंजिन सेकंदभर गप्प बसायचं ते याचमुळे. ॲक्सिलरेटर पंपाची पिचकारी ती फट थोडी बुजवते, म्हणून लोक पंप मोठा करत जातात आणि प्लग काळे करून घेतात.

अडॅप्टरने वरचा फायदाही खाल्ला होता. चार बॅरलमधून आलेली हवा शेवटी मॅनिफोल्डच्या दोनच भोकांतून जाणार, म्हणजे वरच्या फेऱ्यांचा लाभ पदरात नाही आणि खालच्या फेऱ्यांचा तोटा पूर्ण.

समोरचे पर्याय

मूळ १.०८ ची बॉडी, म्हणजे शाफ्टचं झिजलेलं भोक, बोअर करून त्यात बुश (धातूचं नळकांडं) बसवणं हा सर्वांत प्रामाणिक पर्याय होता. काम सोपं, पण अचूक हवं. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आली नाहीत तर थ्रॉटलच्या चकत्या भिंतीला घासतात किंवा बंदच होत नाहीत. शाफ्ट काढायला चकत्यांचे स्क्रू सोडवावे लागतात आणि त्यांची टोकं कारखान्यात ठोकून पसरवलेली असतात. ती घासून मगच फिरवायची, नाहीतर शाफ्टच वाकतो. परत बसवताना नवे स्क्रू, लॉकटाइट आणि पुन्हा ठोकणं. यातला एक स्क्रू सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो.

दुसरा पर्याय दुरुस्त करून विकला जाणारा १.२१ चा २१००. मॅनिफोल्ड, स्पेसर, एअर क्लीनर, केबल सगळं जागच्या जागी राहतं आणि हवेचा पुरवठा २२ टक्के वाढतो. या घराण्याची एक जमेची बाजू म्हणजे त्याचे बूस्टर (व्हेंचुरीत पेट्रोल सोडणारे भाग) वलयाकार असतात. पेट्रोल एका तोंडातून न येता वलयभर असलेल्या छिद्रांतून येतं, म्हणून कमी हवेतही ते चांगलं फुटतं. शहरातल्या गाडीला नेमकं हेच लागतं.

नव्याने बनवलेल्या नकला स्वस्त आणि चकचकीत असतात, इलेक्ट्रिक चोकसकट. त्यांच्यात नगानगात फरक फार. जेट, फ्लोट, शाफ्टचा बसाव स्वतः तपासण्याची तयारी असेल तरच घ्याव्यात. इथे तशी गरज नव्हती.

होली २३०० घराण्याचे दोन बॅरल ३५० आणि ५०० अशा दोन मापांत मिळतात. जेट आणि पॉवर व्हॉल्व्ह सहज मिळतात, ट्यूनिंग सोपं. कॅम आणि दुहेरी एक्झॉस्ट बदलायचा बेत असता तर ५०० चाच विचार केला असता. या गाडीला ३५० चा पुरला असता, पण केबलचा ब्रॅकेट, किकडाउनची दांडी (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर लावणारी) आणि एअर क्लीनर जुळवण्यात वेळ गेला असता, आणि हवा १.२१ एवढीच.

चार बॅरल घ्यायचाच असेल तर ६०० चा, मागची बॅरल व्हॅक्यूमने उघडणारा, आणि त्यासोबत चार बॅरलचा ड्युअल प्लेन मॅनिफोल्ड. व्हॅक्यूमवर चालणारी मागची बाजू इंजिन मागेल तेवढीच उघडते, म्हणून आकार थोडा जास्त झाला तरी निभावतं. हा पर्याय वाईट नाही. पण मॅनिफोल्ड, ५ १/८ इंच गळ्याचा एअर क्लीनर, बोनेटखालची उंची, नवे ब्रॅकेट असा सगळा संसार बदलावा लागतो. ज्या इंजिनाचा कॅम आणि एक्झॉस्ट जुनाच राहणार, त्याला त्यातून मिळणार थोडंसं.

थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत मिटला. त्याला उच्च दाबाचा पंप, परतीची नळी, ऑक्सिजन सेन्सर आणि भरवशाचं वायरिंग लागतं. गाडीचा अल्टरनेटर आणि वायरिंग दोन्ही १९६९ चे.

निवड, आणि पहिली चूक

१.२१ ठरला. मूळ १.०८ ची बॉडी सावकाश बुश करून ठेवायची, असंही ठरलं.

मागवलेला कार्बोरेटर आला तेव्हा व्हेंचुरीचा आकडा बरोबर होता, पण थ्रॉटलच्या लिव्हरवर किकडाउनचा दुसरा हात नव्हता. तो साध्या गिअरबॉक्सच्या गाडीचा निघाला. २१०० मध्ये हा लिव्हर शाफ्टला ठोकून पक्का केलेला असतो. जुन्यावरचा काढून नव्यावर चढवणं म्हणजे दोन्ही खराब करणं. सी-४ किकडाउनच्या दांडीशिवाय चालतो, मॉड्युलेटर बहुतेक काम करतो, म्हणून ‘असाच लावू’ हा मोह होता. तो टाळला. ओव्हरटेक करताना खालचा गिअर न मिळणं ही रस्त्यावरची गैरसोय आहे, गॅरेजमधली नाही. कार्बोरेटर परत गेला आणि आठवडा गेला.

दुसऱ्यांदा मागवताना बॉडीवरचं ओतीव चिन्ह आणि वरच्या झाकणाच्या स्क्रूखालच्या पत्र्याच्या टॅगवरचा क्रमांक, दोन्ही मागितले. फोर्डच्या क्रमांकात पहिलं अक्षर दशक आणि पुढचा अंक वर्ष सांगतो. ‘सी९’ म्हणजे १९६९. टॅग बऱ्याचदा हरवलेला असतो. तसं असेल तर लिव्हर, चोकची बाजू आणि पेट्रोलच्या नळीचं तोंड यांचे फोटो मागवावेत.

बसवणी

मॅनिफोल्डचं तोंड प्लास्टिकच्या खरवडणीने साफ केलं, भोकांत कापड कोंबून. सरळ पट्टी टेकवून फट पाहिली, ०.१ मिलिमीटरची पट्टी कुठेही शिरली नाही. स्पेसर तोच जुना, कारण ब्रीदरची (पीसीव्हीची) नळी त्यालाच जोडलेली असते. तो फेकला की ती हवा कुठून द्यायची हा नवा प्रश्न येतो. स्पेसरच्या वर आणि खाली नवी गॅस्केट, सिलंट नाही.

नट आडवे-तिडवे, दोन टप्प्यांत, १२ ते १५ फूट-पाउंड, म्हणजे १६ ते २० न्यूटन-मीटर. यापुढे ‘अजून थोडं’ ओढलं की पाया वाकतो, थ्रॉटल अडकतो आणि गळती सुरू होते. मग माणूस आणखी ओढतो.

केबल जोडल्यावर एकाने आत बसून पेडल पूर्ण दाबलं आणि दुसऱ्याने वरून पाहिलं: चकत्या अगदी उभ्या होतात का, आणि सोडल्यावर आपोआप बंद होतात का. पेडलखालच्या जाड चटईमुळे शेवटचे काही अंश मिळत नव्हते. चटई कापली. परतीच्या स्प्रिंगा दोन लावल्या.

चोकची गरम हवा आणणारी एक्झॉस्टमधली नळी गंजून गेली होती, म्हणून इलेक्ट्रिक चोकची टोपी घेतली. तिला चावी चालू असताना पूर्ण १२ व्होल्ट मिळणारी तार द्यायची. कॉइलच्या अधिक टोकावरून कधीच नाही. तिथे रेझिस्टन्सच्या तारेमुळे व्होल्टेज कमी असतं, चोक अर्धवट उघडा राहतो आणि कॉइलही उपाशी राहते. फोर्डच्या मूळ इलेक्ट्रिक चोकला अल्टरनेटरच्या स्टेटर टोकावरून सातेक व्होल्ट लागायचे. ती तार बाजारातल्या १२ व्होल्टच्या टोपीला लावली तर चोक गरमच होत नाही. इथे रिले लावला.

फ्लोट कोरडा मोजून भागत नाही. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून, वरचं झाकण उचलून, आयडलिंग चालू असतानाच पेट्रोलची पातळी चेंबरच्या कडेपासून मोजली. २० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे १३/१६ इंच हवी होती; १६ निघाली. पातळी चार मिलिमीटर वर म्हणजे मिश्रण सगळीकडे जाड (पेट्रोल जास्त) आणि ब्रेक दाबताना पेट्रोल सांडणं. फ्लोटचा पत्रा वाकवून बसवली. दुरुस्त करून आलेला कार्बोरेटर ‘सेट करून’ आलेला असतो यावर विसंबू नये.

जेट आणि मिश्रण

मिश्रणाचे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करून दीड-दीड फेरा उघडले. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, हँडब्रेक आणि चाकांना ठोकळे, गिअर ‘डी’ मध्ये. दोन्ही स्क्रू पाव-पाव फेऱ्याने, बरोबरीने फिरवत व्हॅक्यूम सर्वांत जास्त कुठे मिळतो ते पाहिलं, मग वेगाच्या स्क्रूने ५७५ फेऱ्यांवर आणलं. ऑटोमॅटिक गाडीचं आयडलिंग न्यूट्रलमध्ये सेट केलं तर ‘डी’ मध्ये ते बसून जातं. न्यूट्रलमध्ये गेज १८ इंच दाखवत होतं, काटा स्थिर.

एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर घालून रस्त्यावर नेलं. आयडलिंग छान, निघताना अडखळणं नाही. पण ८० च्या वेगाला, पाय स्थिर ठेवला की गाडी हलकेच मागे-पुढे व्हायची. सेन्सर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं माप, १ म्हणजे आदर्श) १.०८ दाखवत होता, म्हणजे मिश्रण आठ टक्के पातळ, पेट्रोल कमी. कारण साधं होतं. जेट ४९ क्रमांकाचे, जुन्या निव्वळ पेट्रोलच्या काळातल्या मापाचे. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं. आदर्श प्रमाण १४.७ वरून १४.१ च्या आसपास येतं. म्हणजे निम्मा पातळपणा पेट्रोलचा, उरलेला जेटचा.

जेटचा क्रमांक ढोबळमानाने भोकाच्या हजारांश इंचांशी जुळतो. ४९ वरून ५१ केलं की भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं. ५१ घातले. स्थिर वेगाला लॅम्डा १.०० ते १.०१, पूर्ण दाबल्यावर आधीच्या ०.९३ ऐवजी ०.८८. जेट ड्रिलने मोठे करायचे नाहीत. भोकाच्या कडेचा उतार बिघडला की क्रमांकाला अर्थ राहत नाही.

ॲक्सिलरेटर पंपाच्या लिव्हरला चार भोकं असतात. दांडी आली तशीच तिसऱ्या भोकात ठेवली.

दोन आठवड्यांनी

मालकाने सांगितलं: थंड असताना पहिल्या फटक्यात चालू होते, पण गरम गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी करून परत स्टार्टर मारला की बराच वेळ फिरते आणि पेट्रोलचा वास येतो. इंजिन बंद झाल्यावर खालची उष्णता चढते, चेंबरमधलं पेट्रोल उकळून बूस्टरमधून मॅनिफोल्डमध्ये ठिबकतं. एअर क्लीनर काढून टॉर्चने पाहिलं तर बूस्टरखालून थेंब पडताना दिसले. ॲल्युमिनियमचा स्पेसर उष्णता अडवत नाही, उलट पोचवतो. त्याच्यावर ६ मिलिमीटर जाडीची उष्णतारोधक गॅस्केट घातली आणि पंपाकडून येणारी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवली. ठिबकणं थांबलं. उंची ६ मिलिमीटर वाढली म्हणून एअर क्लीनरच्या नटावर मातीचा गोळा ठेवून बोनेट बंद केलं. गोळा १५ मिलिमीटरपर्यंत दबला, म्हणजे तेवढी जागा शिल्लक.

लांबच्या प्रवासात लिटरला सहा ते साडेसहा किलोमीटर मिळू लागले. प्लग फिकट तपकिरी.

वेगळं काय करता आलं असतं

व्हॅक्यूम ॲडव्हान्सची तपासणी दोन मिनिटांची आहे. मालकाने मुळात कार्बोरेटर बदलायचं ठरवलं त्याआधीच ती झाली असती तर ७५० कधी आलाच नसता. कदाचित १.०८ लाच बुश मारून काम भागलं असतं. ४,६०० फेऱ्यांवरचा ३.८ इंचांचा दाबफरक या वापराच्या गाडीत क्वचितच जाणवला असता. १.२१ ने मिळालं ते थोडं मोकळं वरचं टोक, आणि ते मालकाला आवडलं एवढंच.

किकडाउनच्या लिव्हरवरून गेलेला आठवडा वाचवता आला असता. ऑर्डरमध्ये ‘३०२, ऑटोमॅटिक, १.२१’ एवढंच लिहिलं होतं. फोटो मागवले नव्हते. उष्णतारोधक गॅस्केटही पहिल्याच बसवणीत घालायला हवी होती.

जेटबाबत मात्र क्रम बरोबर होता. ‘इथेनॉल आहे, मग दोन क्रमांक मोठे घालूनच बसवू’ असा सल्ला मिळाला होता. तेव्हा फ्लोट चार मिलिमीटर वर होता. आधीच जाड मिश्रणात मोठे जेट गेले असते, प्लग पुन्हा काळे झाले असते, आणि दोष पातळीचा की जेटचा हे कळायला आणखी दोन खेपा लागल्या असत्या.

७५० विकला गेला. १.०८ ची बॉडी बुश होऊन आली आहे. चकत्या बंद केल्यावर दिव्यासमोर धरली तर दोन्ही बाजूंना सारखीच बारीक उजेडाची रेघ दिसते. ती त्याच खोक्यात, किकडाउनच्या मूळ लिव्हरसकट ठेवली आहे.